धिंगरीचं पाणी पाणी का होतं?

माजघर
नमस्कार मंडळी. रविवारच्या शेतकरी बाजारातून हौसेने पाऊण किलो ऑयस्टर मशरूम, म्हणजे धिंगरी, आणली. आमच्या घरात आजवर फक्त बटण मशरूम आलेलं, त्यामुळे पद्धत तीच वापरली. स्वच्छ धुतली, सुरीने चिरली, कांदा-टोमॅटो परतून त्यात घातली, मीठ टाकून झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर कढईत तळं! ते आटवत बसले तर मसाला खाली लागला आणि वरची मशरूमं सायकलच्या ट्यूबसारखी चिवट. नवरा शहाणा, काही बोलला नाही, नुसता बराच वेळ चावत राहिला. लेकीने एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावला.
अजून पाव किलो फ्रिजमध्ये शिल्लक आहे. माझं काय चुकलं? आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही, तेव्हा उत्तरं जपून द्या.

टिपूस
चूक १: मीठ. चूक २: झाकण. चूक ३: इथे विचारलंत. आता भाजी राहील बाजूला आणि मशरूम शाकाहारी की मांसाहारी यावर पन्नास प्रतिसाद पडतील.

कालवण
माजघर, जपून उत्तर द्या म्हणालात, पण मला दुसरी उपमा सुचत नाही, माफ करा. धिंगरी म्हणजे बोंबील. ओला बोंबील कधी हातात घेतला नसेल तुम्ही. सगळं पाणीच असतं त्यात. आमच्याकडे बोंबील तळायचे तर आधी साफ करून, उघडून, दोन फळ्यांमध्ये ठेवतात आणि वर पाटा नाहीतर वरवंटा. पाणी निघालं की मग मसाला आणि मग रवा. ज्याने ही पायरी गाळली त्याच्या तव्यावर बोंबलाचा लगदा होतो. तुमचं तेच झालं, फक्त लगद्याऐवजी रबर झालं.
धिंगरीला पाटा नको, तवा पुरतो. जाड बुडाचा तवा चांगला तापवा. तेल नाही, मीठ नाही, काही नाही. हाताने फाडलेली धिंगरी एका थरात पसरा. ती आधी चुरचुरेल, मग स्वतःचंच पाणी सोडेल, मग ते पाणी उडून जाईल आणि कडा बदामी होतील. आता तेल, आता मीठ, आता मसाला. ह्या क्रमात गडबड केलीत की तळं आलंच.

शंकासुर
कालवण यांच्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. धुतल्याने तळं होत नाही. ताज्या धिंगरीत मुळातच ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाऊण किलोतली अर्धा किलो शिजवली असेल तर तुमच्या कढईत साडेचारशे ग्रॅम पाणी आधीपासून बसलेलं होतं. नळाखाली झटपट धरल्याने त्यात चार चमचे वाढले असतील. पाण्यात बुडवून ठेवू नये हे खरं, कारण खालच्या पापुद्र्यांत पाणी अडकतं.
खरी गडबड अशी, की मिठाने पाणी झटक्यात बाहेर आलं, झाकणाने वाफ अडवली आणि गच्च भरलेल्या कढईत तापमान पाणी उकळण्याच्या वर गेलंच नाही. तुम्ही धिंगरी परतली नाहीत, उकडलीत. बदामी रंग आणि तो खमंगपणा येतो तो पाणी संपल्यावरच.

माजघर
बापरे, साडेचारशे ग्रॅम! म्हणजे मी पाण्याचे पैसे मोजले. मग ती चिवट का झाली? जास्त शिजली म्हणून?

शंकासुर
जास्त शिजून मशरूम बिघडत नाही, ही त्याची गंमत आहे. भेंडी-दोडक्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं म्हणून त्या भाज्या गळतात. मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची, जे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं. ते स्वयंपाकाच्या आचेला दाद देत नाही. म्हणून पाच मिनिटं परता नाहीतर अर्धा तास रश्श्यात ठेवा, गाळ होत नाही. चिवटपणा बहुधा देठाचा असणार. बुडखा काढला होता का?

माजघर
कुठला बुडखा? मी सगळं चिरलं.
(झुरळाचं कवच ही माहिती आमच्या घरी पोचणार नाही याची काळजी घेतली आहे.)

पेंढेकरीण
मी भोर भागात धिंगरी करते, सहा वर्षं झाली. घराच्या मागे शेड आहे. बुडख्याबद्दल मला बोलू द्या.
धिंगरी घोसाने येते. सगळ्या छत्र्या खाली एका गाठीला चिकटलेल्या असतात. ती गाठ आणि तिच्या वरचं बोटाच्या पेराएवढं देठ कापून टाकायचं, ते शिजत नाही. फेकायचं नसेल तर बारीक करून सूपच्या पाण्यात उकळा, चव उतरते, मग गाळून घ्या. वरची छत्री सुरीने कापू नका, देठाच्या दिशेने हाताने फाडा. धाग्याधाग्याने फाटते आणि त्या फाटलेल्या कडांना मसाला धरतो. सुरीच्या गुळगुळीत कापाला धरत नाही.
आणि घेताना हे बघा: देठ लांब आणि छत्री बारकी असेल तर त्या शेडमध्ये हवा कोंडलेली होती. कार्बन डायऑक्साइड साठला की धिंगरी देठ ताणते आणि छत्री उघडत नाही. असा माल चिवट लागणारच, त्यात तुमचा दोष नाही. छत्री रुंद, कडा किंचित आत वळलेली, असा माल घ्यावा. कडा फाटून वर वळली की तोडणीला उशीर झालेला असतो. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर पिशवी परत द्या. वर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ते तिचे बीजाणू. बुरशी लागली म्हणून लोक परत आणून देतात. मी म्हणते, अहो, ती अख्खीच बुरशी आहे!

टिपूस
'अख्खीच बुरशी आहे' हे वाक्य पाकिटावर छापा. खप वाढेल.

झणझणीत_वऱ्हाडी
आमच्याकडं याचं कौतुक नाही बाप्पा. पावसाळ्यात रानात सात्या (रानअळंबी) निघतात, त्याच्या एका रश्श्यापुढं तुमची शेडमधली धिंगरी म्हणजे पाण्यातली पोळी. पण सात्या चार दिवस भेटतात आणि धिंगरी बारा महिने, म्हणून घेतो.
सावजी मसाल्यात करून पाहा. पण आधी कोरडी भाजून, हे कालवण म्हणतात ते खरं आहे. मी एकदा थेट रश्श्यात टाकली तर तर्रीच पातळ झाली. तर्री बिघडली की आमच्याकडं जेवण बिघडलं.

गोंयची_बाय
गोव्यातही तेच. वारुळावरची अळमी पावसात येते, बायका पानात बांधून नगावर विकतात आणि भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. ती अळमी आणि वाळवी यांचं एकमेकांवाचून चालत नाही, म्हणून शेडमध्ये लावता येत नाही. धिंगरी लाकडा-पेंढ्यावर वाढते, तिला वाळवी नको. म्हणून ही स्वस्त आणि ती महाग.
मी धिंगरीची शागोती करते. खसखस, खोबरं, धणे, मिरी, बडीशेप, चक्रीफूल, जायफळ, सगळं भाजून वाटलेलं. धिंगरीला स्वतःचा मंद वास आहे, शागोतीत तो पूर्ण हरवतो. अळमी असती तर मला पाप वाटलं असतं. धिंगरीबाबत वाटत नाही.

शंकासुर
अवांतर: ऑयस्टर म्हणजे कालव. छत्रीचा आकार कालवाच्या शिंपल्यासारखा, म्हणून हे नाव. त्यामुळे 'कालवण' या आयडीने बोंबलाऐवजी कालवांची उपमा द्यायला हवी होती. 'धिंगरी' हे नाव उत्तरेकडून आलं. आणि हो, ऑयस्टर सॉस घेताना बाटली वाचा. त्यात खरी कालवं असतात. मशरूमपासून केलेला शाकाहारी सॉस वेगळा मिळतो. आमच्या एका नातेवाइकांनी तीन वर्षं मशरूमचा समजून खरा सॉस खाल्ला.

कालवण
कालवं अशी पांढरी राहत नाहीत आणि पाणीही इतकं सोडत नाहीत. मी बोंबलावर ठाम आहे.

माजघर
मूळ प्रश्न: मशरूम शाकाहारी ना नक्की? सासूबाई श्रावणात चालत नाही म्हणतात.

टिपूस
बघा, आलंच. घड्याळ लावून बसलो होतो.

शंकासुर
वनस्पती नाही हे नक्की. बुरशींचं कुळ वेगळं आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. जैन लोक मशरूम वर्ज्य मानतात, बरीच वैष्णव घरंही. बाकी ज्याचा त्याचा आचार.
पण धिंगरीच्या बाबतीत सासूबाईंकडे एक मुद्दा आहे, त्यांना सांगू नका. ही बुरशी लाकडावर जगते आणि लाकडात नायट्रोजन फार थोडा. ती कमतरता भरून काढायला ती मातीतल्या सूक्ष्म कृमींना विषाचा थेंब लावून लुळं करते, मग तंतू आत घालून त्यांना पचवते. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९८४ साली हे दाखवून दिलं. म्हणजे तुम्ही शाकाहारी असाल, तुमची भाजी नाही.

माजघर
शंकासुर, तुम्हाला आमच्या घरी कधीच जेवायला बोलावणार नाही.

पेंढेकरीण
सासूबाईंना सांगा, माझ्या पेंढ्यात कृमी नसतात. तो आधी गरम पाण्यातून काढलेला असतो.
विचारलंय कोणी नाही, पण सांगते, म्हणजे ताटात काय येतं ते कळेल. भाताचा पेंढा दोन-तीन इंच कापून रात्रभर भिजवायचा. मग ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर. उपसून पसरायचा आणि मुठीत दाबून बघायचा. ओल लागली पाहिजे, पण धार नाही. मग पिशवीत एक थर पेंढा, एक थर स्पॉन (म्हणजे धिंगरीचं बियाणं), असं भरत जायचं. पंधरा-वीस दिवस अंधारात टांगलं की पेंढा दुधासारखा पांढरा होतो. मग प्लास्टिक कापायचं, उजेड आणि वारा द्यायचा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की तीन-चार दिवसांत तोडणी. एका बेडवर, म्हणजे एका पिशवीवर, तीन तोडण्या होतात, पहिली भरघोस, तिसरी नावाला. उरलेला पेंढा गांडूळखताला.
पुष्कळ जण गरम पाण्याऐवजी फॉर्मॅलिन (जंतुनाशक) आणि कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) घातलेल्या पाण्यात पेंढा भिजवतात. शिफारशीतलीच पद्धत आहे, सोपी आणि कमी सरपणाची. पण मला घरच्या ताटात जाणाऱ्या मालाला ती नको वाटते. तुम्ही घेताना विचारा. खरं सांगणारा सांगतो, आणि जो चिडतो त्याचंही उत्तर मिळालंच.
आणि शेडमध्ये जाताना तोंडाला रुमाल. बीजाणूंनी मला पहिल्या वर्षी असा खोकला लागला की सगळ्यांना दम्याचीच शंका.

श्टुटगार्टची_सुगरण
रोमात होते, म्हणजे नुसती वाचत होते, आता राहवत नाही. इथे जर्मनीत हिला वासराच्या मांसाची अळंबी असंही म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नाची ददात पडली तेव्हा इथे लाकडाच्या ओंडक्यांवर ती पद्धतशीर लावून पाहिली, १९१७ च्या सुमाराला. आता सुपरमार्केटमध्ये बारमाही असते. अख्ख्या छत्र्या मैदा, अंडं, पावाच्या चुऱ्यात घोळवून श्निट्झेलसारख्या तळतात. मी अंड्याऐवजी बेसनाचं पातळ पीठ करते, ओवा आणि हळद घालून, आणि वरून पावाचा चुरा. नवऱ्याचे सहकारी रेसिपी विचारतात. मी भजी आहे हे सांगत नाही.
तव्यावर छत्री दबून राहावी म्हणून वर पाण्याने भरलेलं छोटं पातेलं ठेवा. कालवण यांचा पाटा तो हाच!

कालवण
आता आलात वळणावर.

योकोहामाकर
जपानमध्ये हिला हिराताके म्हणतात. एरिंगी तिची जाडजूड देठाची बहीण, तिचं देठच खायचं, जाड चकत्या करून. दोन्ही बाजूंनी खाचा पाडून तव्यावर लोणी आणि सोया सॉस, बस. माझी मुलगी त्याला 'मशरूमची सुरमई' म्हणते.
पण एक गंभीर गोष्ट. रानातली धिंगरी ओळखता येते असा कोणी दावा केला तर खाऊ नका. इथे सुगिहिराताके नावाची पांढरी, अगदी धिंगरीसारखीच दिसणारी अळंबी सुगी नावाच्या पडलेल्या झाडांवर येते. लोक पिढ्यान्पिढ्या खात होते. २००४ च्या पावसाळी शरदात ती उदंड आली आणि ती खाऊन मेंदूला सूज येऊन १७ माणसं गेली. बरीचशी मूत्रपिंडाच्या विकाराची. वर्षानुवर्षं खाल्लेली गोष्ट!

झणझणीत_वऱ्हाडी
आमच्याकडं म्हणतात, रश्श्यात चांदीचा रुपया टाका, काळा पडला तर विषारी.

शंकासुर
तो रुपया काढा आणि बँकेत ठेवा. सर्वांत जहरी अळंब्या चांदी काळी करत नाहीत. कांदा-लसणाच्या रंगाने विष कळतं हेही खोटं. शेडमधली घ्या, मोकळे व्हा. आणि ती कच्ची सॅलडमध्ये घालू नका. कच्च्या धिंगरीत एक प्रथिन असतं जे रक्तपेशी फोडू शकतं. शिजवलं की ते निकामी होतं.
प्रथिनावरून आठवलं, 'मांसाला पर्याय' वगैरे पुड्या सोडू नका कोणी. १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. वाळवलेलीचे आकडे मोठे दिसतात कारण पाणी गेलेलं असतं. डाळ सोडू नका.

वाळवणवाली
वाळवलेलीचं नाव निघालं म्हणून. मी उन्हाळ्यात सांडगे-कुरडयांच्या शेजारी धिंगरी वाळवते. दहा किलोची जेमतेम एक किलो होते. पापुद्र्याची बाजू वर, कारण उन्हाने त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, असं आमच्या डॉक्टर भाचीने सांगितलंय. खडखडीत वाळली की बरणीत. वापरताना कोमट पाण्यात अर्धा तास. ते पाणी ओतून देणारी माणसं मला बघवत नाहीत. आमटीत घाला ते! गोडा मसाला, आमसूल आणि हे पाणी असं एकत्र आलं की साधी तुरीची आमटी लग्नाघरची होते.
चुरा राहिला तर मिक्सरला फिरवून डब्यात भरते आणि पिठल्यात चमचाभर टाकते. घरात कोणाला कळत नाही.

गुलाबी_गोंधळ
मी गुलाबी रंगाची आणली होती, दिसायला एवढी सुंदर की फोटो काढून मग चिरली. शिजल्यावर सगळा गुलाबी रंग गायब, तपकिरी भाजी. फसवणूक का ही?

पेंढेकरीण
फसवणूक नाही, तिचा रंग आचेत टिकत नाही. पण गुलाबी उन्हाळ्यात येते, जेव्हा पांढरी रुसून बसते, म्हणून आम्ही लावतो. ती त्याच दिवशी शिजवा. पांढरी कागदाच्या पिशवीत फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलीत तर दुसऱ्या दिवशी घाम फुटून बुळबुळीत.

माजघर
माझी प्लास्टिकमध्येच आहे. आत्ता उठून बदलते.
कालवण, तुमच्या सुक्याची सविस्तर पाककृती द्या ना. बोंबील हा शब्द न वापरता.

कालवण
बरं. पाव किलो धिंगरी, बुडखे काढून फाडलेली. लोखंडी तवा तापवा, कोरडीच टाका, दोन खेपांत. गर्दी करू नका, हे तीनदा वाचा. पाणी सुटून आटलं आणि कडा भाजल्या की ताटलीत काढा. ती निम्म्याहून कमी दिसेल, घाबरू नका.
वाटण: अर्धी वाटी सुकं खोबरं आणि एक मोठा कांदा उभा चिरून, तेलावर अगदी चॉकलेटी होईपर्यंत. काळा नाही. पाच-सहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, कोथिंबीर. कमीत कमी पाण्यात वाटा.
आता त्याच तव्यात दोन चमचे तेल, एक कांदा बारीक, हळद, दीड चमचा मालवणी मसाला. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. मग धिंगरी, मीठ, दोन-तीन आमसुलं. झाकण नाही. पाच मिनिटं. भाकरीबरोबर, नाहीतर घावण्याबरोबर.
थोडी धिंगरी बाजूला ठेवा. तिला हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ चोळा, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवा आणि तव्यावर तळा. ही खरी परीक्षा. मीठ लावल्यावर थांबायचं नाही, नाहीतर पाणी सुटून रवा ओला होतो. घोळवलं की तव्यावर.

टिपूस
तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). धागाकर्ती, फोटो टाका, नाहीतर ही सगळी चर्चा अफवा समजली जाईल.

माजघर
अपडेट. फोटो नाही, कारण संपलं.
पहिली खेप कोरडी टाकली. चुरचुर आवाज आला तेव्हा करपतंय वाटून मी घाईघाईने तेलाची बाटली उचलली, मग कालवण आठवले आणि खाली ठेवली. पाणी सुटलं, आटलं, कडा बदामी झाल्या. वास असा आला की लेक अभ्यास सोडून आली. दुसऱ्या खेपेला वाटलं, उरलेली सगळी एकदम टाकू, कशाला तिसरी खेप. पुन्हा तळं. म्हणजे माझ्या अर्ध्या भाजीत ट्यूब आणि अर्ध्या भाजीत सुकं होतं. नवऱ्याने बरोबर ओळखून बरोबर अर्धी खाल्ली. सासूबाईंनी वाटणात लसूण जास्त झाला म्हणत दोनदा घेतली. श्रावणाचं नंतर बघू म्हणाल्या.
रव्यातले तुकडे लेकीने एकटीने संपवले. आता रोज विचारते.
कालवण, फक्त एक तक्रार. नवऱ्याने हा धागा वाचला आणि विचारलं, बोंबील दिसतो कसा? मी भाबडेपणाने मोबाइलवर फोटो दाखवला. तेव्हापासून तो धिंगरीकडे वेगळ्या नजरेने बघतोय.